मेजर वज्रदंत आणि गहाळ सोळा पानं

शेवटी मी प्रसेनजितला हो म्हणाले. तेही चौऱ्याऐंशी वर्षांच्या एका माणसासमोर, तीनदा, दर वेळी आवाज वाढवत.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही.

आमच्या वाचनालयातल्या 'पाणबुडीतला पिंजरा' या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर कुणीतरी निळ्या बॉलपेनने लिहून ठेवलंय — 'खुनी मावशी आहे.' हा माणूस कोण, कुठला, आज हयात आहे की नाही, मला माहीत नाही. पण गेले कित्येक महिने मी त्याच्यावर मनापासून चिडून आहे. त्याच्यासारखं वागायचं नाही असं ठरवलं होतं आणि पहिल्याच ओळीत वागले. तेव्हा ती ओळ खोडली असं समजा. मी कुणालाही हो म्हणालेले नाही. प्रसेनजित नावाच्या कुणाला मी ओळखतसुद्धा नाही. डिसेंबर आहे, खामगावात कापसाचं जिनिंग जोरात चालू आहे, आणि मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत दोन कपाटांसमोर उभी आहे.

त्या दोन कपाटांत तीनशे बारा पुस्तकं होती. सगळी जुनी रहस्यकथा-साहसकथांची, खिशात मावतील अशी, पिवळी पडलेली. मुखपृष्ठावर पिस्तूल, मागे आग, कोपऱ्यात घाबरलेली बाई. आमचे ग्रंथपाल पंजाबराव यांनी त्यांचं निर्लेखन करायचा हुकूम दिला होता. निर्लेखन म्हणजे सरकारी भाषेत पुस्तकाला घराबाहेर काढणं. त्यासाठी एक नोंदवही असते, आणि तिच्यात 'कारण' नावाचा रकाना असतो. पहिल्या दिवशी मी तीनशे बारा वेळा 'जीर्ण' लिहायची तयारी केली.

"जीर्ण चालणार नाही," पंजाबराव म्हणाले. "जीर्ण तर मीही आहे. मला काढून राह्यले का कोणी? प्रत्येक पुस्तकाचं वेगळं कारण पाहिजे."

"सर, वेगळं कारण द्यायचं म्हणजे वाचावं लागेल."

"मग वाचा. वाचनालय आहे."

मी अमरावतीहून ग्रंथालयशास्त्र शिकून आले होते. तिथे आम्हाला माहितीची विश्वासार्हता हा पेपर शंभर गुणांना होता. आणि इथे माझ्या हातात 'सुडाचा हिरवा मुखवटा' होतं. त्याच्या शेजारी 'हिरव्या मुखवट्याचा सूड' होतं. ही दोन वेगळी पुस्तकं आहेत हे कळायला मला दोन दिवस लागले. त्या नादात पहिलं वाचायचं राहूनच गेलं.

नायक एकच. मेजर वज्रदंत. हा कुठल्या सैन्यात मेजर आहे ते लेखकाने सांगितलेलं नाही, कारण ते गुप्त आहे. तो काळी कॉफी पितो आणि डोळे बारीक करतो. पहिल्या प्रकरणात अकरा माणसांना थोबाडीत मारतो, त्यातले तिघे त्याच्याच बाजूचे असतात. मिस रोझीना नावाची एक बाई त्याच्यासोबत असते. तिचं काम बेशुद्ध पडणं. एका पुस्तकात ती सात वेळा बेशुद्ध पडली. त्यातल्या दोन वेळा ती आधीपासूनच बेशुद्ध होती.

मी 'कारण' रकान्यात लिहिलं — 'नायिकेस वैद्यकीय मदतीची गरज.'

त्याच दुपारी तो आला.

सीझनमध्ये खामगावात कापूस नुसता बाजारात नसतो, हवेतही असतो. रुईचे तंतू दारातून येतात, टेबलावर बसतात, चहात पडतात. त्याच्या केसांत तर एवढी रुई होती की एका बाजूने तो साठीचा दिसत होता. उंच, सडपातळ, खांद्याला कापडी पिशवी. तो सरळ कपाटाजवळ गेला. एक पुस्तक काढलं, मधलं एक पान उघडलं, बघितलं, पुन्हा ठेवलं. दुसरं काढलं. तेच पान. ठेवलं. अशी अकरा पुस्तकं झाली. वाचत एकही नव्हता.

"तुम्ही काय करून राह्यले?" मी विचारलं.

"खाट पाहून राह्यलो."

"फर्निचर तिकडे बाजारात भेटते."

तो वळला. हसला नाही, पण हसू दाबताना गालाला एक खळगा पडतो, तो पडला. "पान तेहतीसवर," तो म्हणाला. "हे पाहा."

पुस्तकाच्या तेहतिसाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, शिसपेन्सिलीने दोन आडव्या आणि चार उभ्या रेघा होत्या. ती खाट आहे हे मला सांगावं लागलं.

"आमच्या आबाची खूण हाय. तवा सारे वाचणारे करत. नावं सारी सारखीच ना. घरी नेऊन अर्धं वाचलं की समजे, हे तं आपण मागल्या साली वाचलं. म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या पानावर आपली खूण ठेवायची. आबाचं पान तेहतीस. ज्याच्यावर खाट नाही ते त्यायनं वाचलं नाही. ते मले पाह्यजे."

"हे वाचनालयाच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण आहे."

"हाव. पन्नास वर्षं झाली. आता पकडून काय करता?"

त्याचं नाव प्रसेनजित. (आता तुम्ही त्याला ओळखता. पहिल्यांदाच.) अमडापूरचा. तलाठ्याची परीक्षा पास होऊन नेमणुकीच्या पत्राची वाट बघणारा. त्याचे आबा इंद्रभान इथल्याच एका जिनात रुईच्या गठाणी बांधायचे आणि सुटी झाली की आमच्या वाचनालयातून पुस्तक घेऊन गावी जायचे. आता त्यांच्या डोळ्यांना मधलं काही दिसत नव्हतं, फक्त कडेचं दिसायचं. "माणसाचा चेहरा दिसत नाही त्यायले," प्रसेनजित म्हणाला, "कान दिसतात." म्हणून हा त्यांना रोज वाचून दाखवायचा. आबांनी अट घातली होती, की न वाचलेलंच आण.

"ही पुस्तकं निर्लेखनाला काढलीत," मी म्हणाले. "मार्चमध्ये रद्दीवाला येईल."

तो थांबला. कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मंग लवकर वाचा लागन," तो म्हणाला, आणि बारावं पुस्तक उघडलं.

तेव्हापासून तो मंगळवार, गुरुवार, शनिवार यायचा. एसटीने एक पुस्तक न्यायचा, एक आणायचा. मी नोंदवही घेऊन एका कपाटासमोर, तो दुसऱ्यासमोर. मध्ये एक स्टूल. स्टुलावर दोन चहा.

"इथं मेजर विमानातून पडलाय," मी वैतागून सांगायचे. "छत्री नाही. आणि पडता पडता त्याला दुसरं विमान भेटतं."

"भेटू शकते."

"कुठे भेटू शकते? ते काय अकोला बसस्टँड आहे?"

"पण तुम्ही वाचणं थांबवलं का?"

हा प्रश्न तो नेहमी विचारायचा, आणि तेवढ्यापुरता तो मला अजिबात आवडायचा नाही. कारण मी थांबवलेलं नसायचं. एका गुरुवारी मेजर आगीने वेढलेल्या पुलावर उभा होता, खाली मगरी होत्या, आणि माझ्या चहावर साय धरून तिच्यावर रुईचे तीन तंतू येऊन बसले तरी मी मान वर केली नव्हती. प्रसेनजितने हळूच तो कप उचलला, त्याचा स्वतःचा कप माझ्या हाताशी ठेवला, आणि सायवाला चहा स्वतः प्यायला. तंतूंसकट. मी बघितलं नाही असं दाखवलं. मगरींमुळे ते सोपं गेलं.

त्या दिवशी 'कारण' रकान्यात लिहायला मला कारणच सापडेना. शेवटी लिहिलं — 'कर्मचाऱ्याच्या कामात व्यत्यय.'

पुस्तकं वाईट होती, यावर मी आजही ठाम आहे. बायकांना त्यांत तीन वाक्यांच्या वर बोलायची परवानगी नव्हती. खलनायक प्रोफेसर कालकूट दर वेळी आपली सगळी योजना मेजरला स्वतःहून समजावून सांगायचा, जणू शिकवणी घेत होता. पण एक गोष्ट मला खटकत राहिली. त्या पुस्तकांत कुणी अडखळत नाही. मेजरला रोझीना आवडते, तर तो हेलिकॉप्टरच्या दोरीला लटकलेला असतानाच तसं सांगून टाकतो, एका हाताने. आणि इथे… खामगावात, भक्कम जमिनीवर, दोन्ही हात मोकळे असताना… एक माणूस मला गेले पाच आठवडे फक्त एवढंच विचारत होता — "साखर पुरली का?"

जानेवारीत एका परत आलेल्या पुस्तकात, पान तेहतीसवर, आबांच्या नव्या खाटेखाली मला एक छोटासा कप दिसला. पेन्सिलीने काढलेला. वाफेसकट.

मी कडक शब्दांत जाब विचारायचं ठरवलं. पुढच्या पुस्तकात, ते त्याला देण्याआधी, मी पान तेहतीस उघडलं आणि लिहिलं — 'वाचकांनी पुस्तकात लिहू नये.' हे मी पुस्तकातच लिहिलं हे नंतर लक्षात आलं.

शनिवारी त्याखाली उत्तर होतं. 'बरं. चित्र चालते का?'

मग आमचं ते टपालच झालं. तोंडाने आम्ही मेजरबद्दल भांडायचो आणि बाकीचं सगळं पान तेहतीसवर. त्याने एसटीच्या मागच्या सीटवर उसळणारा माणूस काढला. मी बेशुद्ध रोझीना काढली. त्याने रोझीनाच्या डोक्याखाली उशी काढून पाठवली. एकदा त्याने नुसतं लिहिलं — 'आज तुमच्या केसांत रुई होती. सांगू का नको, असं करता करता बस निघाली.' ते वाचून मी कपाटाच्या काचेत बघितलं. रुई अजून होती. मी ती काढली नाही. घरी आईने काढली आणि विचारलं, "कोणत्या जिनात कामाले जाऊन राह्यली?"

आईला तेवढ्यात दुसरं काम लागलं होतं. चिखलीचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या बायोडाटामध्ये मुलाचा एक फोटो होता आणि गाडीचे चार. पुढून, मागून, आतून, आणि हार घातलेला. मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा काय कारण सांगायचं? 'आई, एक मुलगा मला खाटा काढून पाठवतो' हे सांगण्यासारखं नव्हतं. त्याने काही विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मी आईशी भांडले असते. न विचारलेल्या प्रश्नासाठी कशी भांडणार?

फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी प्रसेनजित आला तो घाम पुसत. थंडी होती. त्याने 'सुडाचा हिरवा मुखवटा' टेबलावर ठेवलं. चहाला नाही म्हणाला.

"तेहतिसावं पान…" तो म्हणाला, "म्हणजे… जमलं तं… पाहजा."

"काय हाय त्याच्यात?"

"पाहजा ना. मले बस हाय."

बस अडीचला होती. तेव्हा दीड वाजला होता. तो गेला.

मी खोलीचं दार लोटलं. पुस्तक उघडलं. एकतीस. बत्तीस. एकोणपन्नास.

मी पुन्हा बघितलं. बत्तीस, मग एकोणपन्नास. मेजर दरीच्या टोकावर उभा होता आणि पान उलटताच टांग्यात बसून पेरू खात होता. तेहतीस ते अठ्ठेचाळीस, सोळा पानं, नव्हतीच. म्हणजे कोरं होतं असंही म्हणता येणार नाही, असं मुळात नसलेलं पान मला त्याने बघायला सांगितलं होतं. घाम पुसत. चहा सोडून.

थट्टेला माझी हरकत नसते. मी स्वतःच सहसा ती करत असते. पण त्या दिवशी माझे हात गार पडले होते पान उघडताना… आणि कुणी त्यावर थट्टा केलेली मला चालली नाही. मी पुस्तक मिटलं आणि नोंदवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं — 'पाने ३३ ते ४८ गहाळ. निर्लेखनास पात्र.'

गुरुवारी तो आला. मी मान वर केली नाही. नोंदवही उघडी होती. त्याने ती उलट बाजूने वाचली, आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"हे तुम्ही लिहिलं?"

"माझंच काम आहे ते."

"बरं," तो म्हणाला. खिशातून वाचनालयाचं कार्ड काढून स्टुलावर ठेवलं. "नेमणूक आली. चंद्रपूरकडे, जिवती तालुक्यात. सोमवारी निघतो."

"अभिनंदन."

"हाव."

एवढंच. मेजर वज्रदंत एवढ्या वेळात दोन देश वाचवतो. आम्ही दोघांनी चार वाक्यांत तीन महिने संपवले. घरी जाऊन मी आईला म्हणाले, येऊ दे चिखलीवाल्यांना. आईने रविवार सकाळ अकराची वेळ दिली.

रविवारी नऊ वाजता मी ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होते आणि आई पोहे भिजवत होती. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. तो वाजला. हात कांद्याचे, म्हणून मी कोपराने स्पीकर लावला.

"पंजाबराव बोलतो. तुमच्या नोंदीत चूक आहे."

पंजाबरावांची एक पद्धत आहे. कुठलंही पुस्तक बाहेर काढण्यापूर्वी ते त्याची पानं स्वतः मोजतात. बोटाला थुंकी न लावता, रबरी टोपी घालून. उद्या रद्दीवाला येणार म्हणून ते रविवारी येऊन बसले होते.

"'सुडाचा हिरवा मुखवटा'. तुम्ही सोळा पाने गहाळ दाखवली. मी मोजली. एकशे बाराच्या एकशे बारा भरली."

"सर, बत्तीसनंतर एकोणपन्नास आहे. मी स्वतः पाहिलं."

"बरोबर. अन् एकशे बारानंतर तेहतीस आहे. 'समाप्त' असं छापलंय, त्याच्या पुढे. बांधणाऱ्याने तिसरा फर्मा, म्हणजे तुमची ती सोळा पाने, शेवटी शिवला. तुम्ही 'समाप्त'च्या पुढे पाहिलं नाही. शिवाय पान तेहतीसवर हस्तलिखित मजकूर आढळला. तो नोंदीत घ्यावा लागेल. वाचतो, लिहून घ्या."

"सर, नको…"

"'समता,'" पंजाबरावांनी वाचायला सुरुवात केली. ते सगळं एकाच आवाजात वाचतात, निविदा असो, शोकसंदेश असो की माझं नाव. "स्वल्पविराम. 'सोमवारी मी जिवतीले चाललो. तिथून इथवर याले अख्खा दिवस लागते. मेजर असता तं हेलिकॉप्टरनं आला असता. मी एसटीनं येईन. दर महिन्याले येईन. तुले चालत असन…' येथे खोडाखोड आहे. आधी 'तुम्हाला' लिहून खोडलेलं दिसतं. 'तुले चालत असन तं खाटेजवळ एखादी खूण कर. जन्मभर येत राहीन. नसन चालत तं खोडून टाक, मी काही विचारणार नाही.' खाली सही नाही. एक कप काढलेला आहे. कपातून वाफ. संपलं. घेतलं का लिहून?"

मी काहीच लिहिलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि सुदैवाने समोर कांदा होता.

आईने गॅस बंद केला.

"हे पुस्तकातलं हाय?" तिने विचारलं.

"पुस्तकावरचं."

"हे जिवती कुठी आलं?"

"चंद्रपूरच्या पुढे. डोंगरात."

"अन् चिखली?"

"इथेच. तासाभरावर."

"तुले जवळचं कळत नाही का गं?" आई म्हणाली. मग पोह्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोणाचा हाय?"

"अमडापूरच्या इंद्रभानबाबांचा नातू."

"गठाणीवाले इंद्रभान? तुह्ये बाबा सांगत त्यायच्याबद्दल. साऱ्या जिनाले गोष्टी सांगत जेवणाच्या सुटीत." आईने पदराला हात पुसले. "जा. लोकायले मी सांगते, वाचनालयात मोजणी निघाली म्हणून. खोटं नाही ते."

वाचनालय वाटेतच होतं. मी पंजाबरावांना म्हणाले, सर, ते पुस्तक द्या. ते म्हणाले, एकदा निर्लेखनाची नोंद झाली की पुस्तक बाहेर देता येत नाही. मी म्हणाले, एक तासासाठी. ते म्हणाले, नियमात तास नाही, दिवस आहे, आणि दिवसही नाही. मी म्हणाले, निदान पान तेहतीसवर पेन्सिलीने एक खूण करू द्या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुणाचा तरी खून करायची परवानगी मागितलीय.

मी रिकाम्या हाताने चिखलीची बस पकडली.

उंद्री गावाच्या अलीकडे समोरून एक पांढरी गाडी आली. मी लगेच ओळखली. मला तिचे चार फोटो पाठ होते. पुढच्या सीटवर फेटेवाले काका, मागे मुलगा, मांडीवर मिठाईचा डबा. मी खिडकीतून त्याला नीट बघून घेतलं. चांगला होता. म्हणजे बघण्याचा कार्यक्रम झाला, फक्त तो ताशी साठच्या वेगाने झाला.

अमडापूरला घर शोधावं लागलं नाही. स्टँडवर विचारलं तर तिघांनी एकदम हात दाखवला. अंगणात आबा खाटेवर बसले होते. प्रसेनजित दारात ट्रंक बांधत होता. त्याने मला बघितलं आणि दोरी हातातून सुटली.

"तुम्ही काऊन आल्या?"

"पानं मी फाडली नाहीत."

त्याने दोरी पुन्हा उचलली.

"मले वाटलं," तो दोरीकडे बघत म्हणाला, "नाही म्हणाचं असन तं खोडून टाकन. एक ओळ. तुम्ही तं सोळा पानं फाडली. वर सरकारी नोंद केली. म्हटलं एवढा राग…"

"ती शेवटी होती. 'समाप्त'नंतर. मले माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं? आमच्या घरी साऱ्यायले माहीत हाय. बत्तीस झालं की मागं जायचं, अठ्ठेचाळीस झालं की पुढं याचं. आबानं पन्नास वर्षांमागं शोधलं ते."

"मग आबांनी वाचलेलं पुस्तक नेलं कशाला? खाट नसलेलंच पाहिजे होतं ना?"

"खाट हाय. ते पुस्तक आबाले पुन्हा ऐकाचं होतं. मी सांगाले विसरलो… मी तवा काहीच सांगू शकत नव्हतो." तो पहिल्यांदा माझ्याकडे बघत होता. "मंग? वाचलं शेवटी?"

"नाही. पंजाबरावांनी वाचून दाखवलं."

"…कोणी?"

"पंजाबरावांनी. फोनवर. स्पीकर लावला होता. आईनं पण ऐकलं. स्वल्पविरामासकट."

प्रसेनजित ट्रंकेवर बसला. कानापासून मानेपर्यंत लाल झाला. आबांना चेहरा दिसत नाही, पण कान दिसतात; ते म्हणाले, "काय झालं बे? ताप आला का तुले?"

"नाही, आबा."

"अन् ही कोण?"

"वाचनालयातल्या… मॅडम."

"पुस्तक आणलं का?"

"नाही बाबा," मी म्हणाले.

"मंग कायले आली?"

हा प्रश्न योग्य होता. माझ्याकडे पान नव्हतं, पेन्सिल होती पण तिचा उपयोग नव्हता. आजपर्यंत जे काही म्हणायचं ते मी काढून पाठवत होते. आता ते तोंडाने म्हणावं लागणार होतं, भर अंगणात, अकरा वाजता, एका ट्रंकेसमोर. मला मिस रोझीनाचं पहिल्यांदा नीट कळलं. काही प्रसंगी बेशुद्ध पडणं हा खरंच सोयीचा मार्ग असतो.

"मला… चालतं," मी म्हणाले.

"काय?" आबा म्हणाले. "जोरानं बोल. मले ऐकू येत नाही."

"चालतं म्हणाले."

"काय चालते?"

"जिवतीहून दर महिन्याला आलेलं चालतं. एसटीनं. जन्मभर. हो म्हणाले मी त्याला."

शेवटचं वाक्य शेजारच्या दोन घरांपर्यंत गेलं. एक बाई तांदूळ निवडता निवडता थांबली. प्रसेनजित उठला, जवळ आला, हात उचलला, आणि माझ्या कपाळावरच्या केसांतून रुईचा एक तंतू काढला. अमडापुरात जिन नाही. तो मी खामगावहून आणला असणार. त्याने तो फेकला नाही. बोटाला गुंडाळत राहिला. 

"साखर…" तो म्हणाला, "चहात साखर किती घेतेस… हे मी तीन महिन्यात खरं तं एकदाच विचाराले पाह्यजे होतं."

"हाव. बाकीच्या वेळी दुसरं काही विचारता आलं असतं."

"तू पण तं विचारू शकत होती."

"मी नोटीस लिहिली होती."

"वाचकांनी पुस्तकात लिहू नये, ही?"

"त्यातला वाचक तूच होतास ना. मी काय साऱ्या गावाला लिहिली?"

आबांनी काठी आपटली. "तुमचं झालं असन तं एक सांगा. हा उद्या चालला. मंग मले वाचून कोण दाखवन? कालकूट बेटावर पोचला, बॉम्ब लावून बसला, अन् हा ट्रंक भरून राह्यला."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तो नजरेने काहीतरी विचारत होता आणि या वेळी मला पान उघडावं लागलं नाही.

"मी वाचीन, बाबा," मी म्हणाले. "दर रविवारी."

"तुले जमन? मेजर दम देते तवा पोटातून आवाज काढा लागते."

"शिकेन."

"कान चांगले हायेत तुह्ये," आबा म्हणाले. ते मान्यतेचं लक्षण आहे असं प्रसेनजितने मला नंतर समजावलं.

सोमवारी तो गेला. रद्दीवालाही रिकामा गेला; एक नोंद चुकली म्हणजे तीनशे बाराही चुकल्या असू शकतात, असं म्हणून पंजाबरावांनी फेरमोजणी काढली, आणि ती त्यांच्या निवृत्तीपर्यंत पुरेल. चिखलीच्या पाहुण्यांनी पोहे खाल्ले, आईशी तासभर बोलले, आणि निरोप पाठवला की मुलीची आई फार समजूतदार आहे. आमची बोलणी बुद्धपौर्णिमेनंतर ठरली.

प्रसेनजित महिन्यातून एकदा येतो. एका महिन्यात किती दिवस असतात हे मला पूर्वी माहीत नव्हतं. पुस्तकात 'एक महिन्यानंतर' असं एका ओळीत लिहून मोकळं होता येतं; त्या लेखकाला मी बाकी सगळं माफ केलंय, हे नाही. म्हणून मागच्या आठवड्यात मी खालील अर्ज तीन प्रतींत पाठवला. पोच मिळालेली नाही.

प्रति,
मा. सक्षम प्राधिकारी (जे कोणी असतील ते)

विषय : तलाठ्याच्या आंतरजिल्हा बदलीबाबत

महोदय,

श्री. प्रसेनजित हे जिवती तालुक्यात तलाठी म्हणून कार्यरत आहेत. ते दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अमडापूर येथे येतात व रविवारी परत जातात. त्यांच्या दोन दिवसांच्या सुटीपैकी बहुतांश काळ एसटीत व्यतीत होतो. उरलेल्या वेळात अर्जदार व श्री. प्रसेनजित यांचे निम्मेही बोलणे होत नाही. राहिलेले बोलणे पुढील महिन्यापर्यंत शिळे होते.

तसेच श्री. इंद्रभान, वय ८४, यांना साहसकथा वाचून दाखवण्याचा प्रभार सध्या अर्जदाराकडे आहे. अर्जदाराच्या आवाजात मेजर वज्रदंत धमकी देतात तेव्हा ते चहा मागत आहेत असे वाटते, अशी श्रोत्याची तोंडी तक्रार आहे. बेटावरील बॉम्ब चार महिन्यांपासून फुटण्याच्या बेतात असून मूळ वाचक रुजू झाल्याशिवाय पुढील प्रकरण सुरू करू नये, असे श्रोत्याने बजावले आहे.

सबब, सदर कर्मचाऱ्याची बदली बुलढाणा जिल्ह्यात तातडीने करण्यात यावी. बदली नियमात बसत नसल्यास, जिवती तालुका त्यातील डोंगर, रस्ते व सात-बारासह, तेथील रहिवाशांची गैरसोय न होता, उचलून अमडापूरपासून पंधरा किलोमीटरच्या आत ठेवण्याबाबत संबंधितांना आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.